मराठी शोधायला तंजावरला

गुरुवार, ३१ जुलै २०२५

चेन्नईच्या एग्मोर स्थानकाला तमिळ माणूस एळुंबूर म्हणतो, आणि त्यातला ळ हा आपला ळ नाही, हे मला फलाटावरच्या हमालाने हसून सांगितले. मी तीनदा उच्चार करून पाहिला. तिन्ही वेळा त्याने मान हलवली आणि आमची बॅग उचलून तो पुढे निघाला. तंजावरची रात्रीची गाडी लागायला अजून तास होता. माझी थोरली बहीण बाकावर बसून गुडघ्याला मलम चोळत होती. आमच्या घरी मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात, म्हणून तिला तिच्या विद्यार्थिनीसुद्धा अक्का म्हणत आल्या. तिने चौतीस वर्षे शाळेत शिकवले आणि निवृत्त झाल्यावर मोडी लिपीचा वर्ग लावला. या प्रवासाला ती तयार झाली ती मोडीसाठी, आणि मी निघालो तो जरा वेगळ्या कारणाने.

पुण्यात गेले तीन महिने कोणत्याही बैठकीत दुसरा विषय नव्हता. १६ एप्रिलला पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी अनिवार्य करणारा शासन निर्णय निघाला, १७ जूनला त्याची सुधारित आवृत्ती आली, २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले आणि ५ जुलैला वरळीत दोन ठाकरे बंधू एका व्यासपीठावर आले. या सगळ्या काळात आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर रोज कोणीतरी म्हणे, ‘तमिळनाडूकडे बघा, तिथे बघा भाषेचा अभिमान.’ असे म्हणणाऱ्यांपैकी एकानेही तमिळनाडू पाहिलेले नव्हते, तिरुपतीला जाताना विमान चेन्नईत उतरले तेवढेच. मीही त्यांच्यातलाच होतो. शिवाय त्या राज्यात एक गाव असे आहे की जिथे १६७५ च्या सुमारापासून १८५५ पर्यंत, म्हणजे तब्बल १८० वर्षे, मराठी राजघराणे नांदले. तेव्हा एकाच खेपेत दोन्ही गोष्टी पाहाव्यात, असे ठरवून मी तिकिटे काढली.

शुक्रवार, १ ऑगस्ट

पहाटे तंजावर. स्थानकाबाहेर पडताच माझ्या तोंडून सवयीने निघाले, ‘भैया, कितना लेंगे?’ रिक्षावाल्याने उत्तर दिले नाही. त्याने मोबाइलच्या गणकयंत्रावर १५० आकडा उमटवून माझ्यापुढे धरला आणि अक्काकडे वळून अगदी मायेने म्हटले, ‘वांगा, अक्का,’ म्हणजे ‘या, अक्का.’ अक्का थबकलीच. तिचे घरातले नाव या माणसाला कसे कळले, असे क्षणभर तिला वाटून गेले असावे. तमिळमध्येही मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात आणि वयाने मोठ्या दिसणाऱ्या कोणत्याही अनोळखी बाईला त्याच नावाने हाक मारतात, हे तिला माहीत होते, पण माहीत असणे वेगळे आणि पहाटे सहा वाजता परक्या गावात कोणी आपल्याला आपल्याच नावाने बोलावणे वेगळे. पुढचे पाच दिवस फुलवाली, इस्त्रीवाला, कंडक्टर, देवळातला शिपाई, सारे तिला अक्का म्हणत राहिले आणि मी मात्र सगळीकडे ‘सार’ होतो.

त्या ‘भैया’वरून अक्काने मला रिक्षात बसल्यावर सुनावले ते योग्यच होते. मला हिंदी त्याच्यासाठी सुचली नव्हती. पुण्यातही मी रखवालदाराशी, भाजीवाल्याशी, डिलिव्हरीच्या मुलाशी पहिले वाक्य हिंदीतच टाकतो, आणि समोरचा नांदेडचा निघाला तरी ते संभाषण हिंदीतच संपते.

दुपारचे ऊन उतरल्यावर आम्ही बृहदीश्वराला गेलो. गावात त्याला पेरिय कोविल, म्हणजे मोठे देऊळ, एवढेच म्हणतात. बाहेरचे पहिले द्वार मराठाकाळातले, त्यानंतरची केरळांतकन् आणि राजराजन् ही दोन्ही द्वारे चोळांची. पहिला राजराज चोळ याने हे मंदिर १०१० मध्ये पुरे केले. सुमारे २१६ फूट उंचीचे विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचे शिखर, संपूर्ण ग्रॅनाइटचे आहे, आणि तंजावर हा गाळाच्या मातीचा, भातशेतीचा मुलूख असल्याने जवळपास कुठेही ग्रॅनाइटची खाण नाही. एवढा दगड लांबून आणला कसा असेल, या प्रश्नासमोर या विमानाची सावली जमिनीवर पडत नाही ही लोकप्रिय समजूत मला अगदीच पोरकट वाटते. साडेपाच वाजता ती सावली अंगणात चांगली लांबवर पडली होती आणि अक्का तिच्यातच चपला नसलेले पाय गार करत उभी होती.

देवळाच्या जोत्यावर तमिळ अक्षरांच्या ओळी कोरलेल्या आहेत. कुठे उंचवटा नाही, कुठे चौकट नाही. हिशेबाची वही उघडावी तशी भिंत उघडली आहे. ‘आम्ही दिलेले, आमच्या अक्कन्‌ने दिलेले, आमच्या स्त्रियांनी दिलेले आणि इतरांनी दिलेले’ हे सारे या दगडावर कोरावे, अशी राजराजाची आज्ञा त्यांत आहे. अक्कन्, म्हणजे त्याची थोरली बहीण कुंदवै. हे वाक्य मी आधी वाचलेले होते, पण तिथे उभे राहून बहिणीला सांगताना माझ्या तोंडी तो शब्द अडखळला. ती एवढेच म्हणाली, ‘बघ, तिचे नाव आधी आणि बायकांचे नंतर.’

मराठी शिलालेख याच आवारात, पण आत, नैर्ऋत्य बाजूच्या भिंतीवर आहे. दुसऱ्या सरफोजी महाराजांनी तो १८०३ मध्ये कोरवून घेतला. मजकूर बाबूराव चिटणिसांनी सिद्ध केलेला, आणि विषय भोसले वंशाचे चरित्र. जगातल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. मी मनाशी बरेच काही योजून गेलो होतो, ऊर भरून येईल वगैरे. प्रत्यक्षात भिंतीसमोर उभे राहिल्यावर पहिली अडचण वाचण्याची होती. अक्षर देवनागरी, भाषा मराठी, पण शब्द तोडलेले नाहीत, ओळ लांबच लांब आणि कित्येक ठिकाणी दगड काळवंडलेला. अक्का भिंतीपासून वीतभर अंतरावर बोट फिरवत एकेक शब्द सुटा करू लागली. तेवढ्यात महाविद्यालयातली दोन मुले थांबली आणि त्यांतल्या एकाने इंग्रजीत विचारले, ‘हे हिंदी आहे ना?’ आम्ही मराठी म्हणून सांगितले. तो म्हणाला, ‘अक्षरे तर तीच आहेत.’ त्याच्या स्वरात वैर नव्हते, उलट कुतूहलच होते. पण याच वर्षी फेब्रुवारीत पोळ्ळाची स्थानकाच्या पाटीवरची देवनागरी अक्षरे काळ्या रंगाने पुसली गेली होती, ते मला आठवले. रंगाचा ब्रश हाती घेतलेल्याला ही अक्षरे कोणत्या भाषेची, असा प्रश्न पडत नाही. दोनशे वर्षांपूर्वी या गावात देवनागरी ही राजाची लिपी होती, आणि आज तीच अक्षरे इथल्या माणसाला दिल्लीची वाटतात.

भाषेचा वाद या देवळालाही चुकलेला नाही. २०२० च्या फेब्रुवारीत इथे कुंभाभिषेक, म्हणजे मंदिराच्या पुनर्प्रतिष्ठेचा विधी, झाला, तेव्हा मंत्र संस्कृतात म्हणायचे की तमिळमध्ये, यावरून प्रकरण मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापर्यंत गेले. दोन्ही भाषांत व्हावे, असे ठरले आणि तसे झाले. आपल्याकडे असा खटला झाला असता तर निकालापेक्षा निकालानंतरच्या मुलाखती जास्त चालल्या असत्या.

शनिवार, २ ऑगस्ट

राजवाडा मराठ्यांच्या आधीच्या नायक राजांचा, त्यात भर मराठ्यांची. दरबाराच्या दालनातले रंग उडाले आहेत, कबुतरे आहेत, आणि पर्यटक छतापेक्षा स्वतःचे फोटो अधिक काढतात. कलादालनातली चोळांची पंचधातूची शिल्पे मात्र अशी आहेत की तिथून पाय निघू नये. तरीही आम्ही घाईने पुढे गेलो, कारण आमचे लक्ष्य सरस्वती महाल ग्रंथालय होते.

सरफोजींविषयी थोडे सांगितल्याशिवाय या ग्रंथालयाचे महत्त्व कळणार नाही. जन्म १७७७ चा. तुळजाजी राजांनी दत्तक घेतलेल्या या मुलाचे शिक्षण श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली झाले. १७९८ मध्ये गादी मिळाली आणि पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला. राजाच्या हाती उरला तंजावरचा किल्ला आणि तनखा. अशा अवस्थेतल्या आपल्याकडच्या अनेक संस्थानिकांनी पुढे काय केले, ते आपण जाणतो. सरफोजींनी ग्रंथ जमवले. ते १८२० मध्ये काशीयात्रेला निघाले तेव्हा बरोबर सुमारे तीन हजार माणसे होती आणि परतताना त्यांनी हस्तलिखितांची भर घातली. धन्वंतरी महालात औषधांची परीक्षा चाले, डोळ्यांच्या रुग्णांच्या सचित्र नोंदी ठेवल्या जात, आणि मुंबईत मराठी छपाई रुळण्यापूर्वी, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात, इथल्या छापखान्यात इसापच्या गोष्टी मराठीत छापून निघाल्या. सत्ता गेल्यामुळे हे सारे सुचले की सत्ता असती तरी सुचले असते, हे सांगता येणार नाही, पण मला या माणसाविषयी आदरापेक्षा हेवा अधिक वाटला.

ग्रंथालयाचे संग्रहालय म्हणजे एक खोली. काचेखाली ताडपत्रे आहेत, चिनी शिक्षाप्रकारांची चित्रे आहेत, आणि माणसांच्या चेहऱ्यांची प्राण्यांच्या चेहऱ्यांशी तुलना करणारी, फ्रेंच चित्रकार ल ब्रँ याची चमत्कारिक चित्रे आहेत. मराठी हस्तलिखिते सुमारे तीन हजार आहेत, संस्कृत ग्रंथ त्यांच्या अनेकपट. शिवाय मोडी कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत, ज्यांत राज्याचा रोजचा व्यवहार नोंदलेला आहे.

अक्का एका मोडी कागदापाशी जी थांबली, ती वीस मिनिटे. काचेवर दिव्याचा उजेड पडत होता म्हणून तिने पदराने आडोसा केला. शिरोरेघ आधी आखून घेऊन तिच्याखाली अक्षरे लगबगीने लटकवलेली, बोरू न उचलता. तिला पहिल्यांदा ‘जमा’ लागले, मग ‘खर्च’, मग एका ठिकाणी ‘तूप’. ‘तूप’ वाचल्यावर ती अशी हसली की पलीकडचा पहारेकरी आमच्याजवळ आला. त्याला वाटले, आम्ही काचेला हात लावला. अक्काने त्याला खुणेने सांगितले की आपण हे वाचू शकतो. त्याने आश्चर्याने तिच्याकडे पाहिले आणि कागदाकडे पाहिले, आणि मग आपल्या खुर्चीशेजारचे स्टूल आणून तिच्यासाठी ठेवले. राजवंशाचे चरित्र वाचून जे झाले नव्हते ते मला त्या ‘तूप’ शब्दाने झाले. दोनशे वर्षांपूर्वी कोणा कारकुनाने मुदपाकखान्याच्या तुपाचा हिशेब मराठीत लिहिला, कारण दुसऱ्या कोणत्या भाषेत लिहावा असे त्याच्या मनातही आले नसेल.

या घराण्याला आपल्या भाषेचा अभिमान नव्हता, असे कोणी म्हणणार नाही. पण त्यांची अभिमानाची रीत निराळी होती. तंजावरच्या मराठी राज्याचे संस्थापक व्यंकोजी यांचे पुत्र शहाजी राजे, ज्यांची कारकीर्द १६८४ ते १७१२, त्यांची नाटके मराठीतल्या सर्वांत जुन्या उपलब्ध नाटकांत मोजली जातात, आणि त्याच राजांनी तेलुगूतही नाटके रचली. त्यांच्या ‘पंचभाषाविलास’ या नाटकातली पात्रे संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषांत बोलतात. राज्यकर्ते मराठी, प्रजा तमिळ, संगीताची भाषा तेलुगू, शास्त्राची संस्कृत. तीन भाषांच्या सूत्रावरून आपण आज जे घायकुतीला आलो आहोत, ते या राजांना पाहायला मिळाले असते तर त्यांनी त्यावरही एक प्रहसन लिहिले असते. अर्थात राजाला हे परवडते. पहिलीतल्या मुलाच्या दप्तराचे ओझे राजाला उचलायचे नसते, ही अक्काची पुस्ती, आणि चौतीस वर्षे शाळेत काढलेल्या बाईशी मी त्या मुद्द्यावर वाद घालत नाही.

परतताना शिवगंगा तलावाजवळचे श्वार्ट्झचे चर्च पाहिले. आत संगमरवरी शिल्पपट आहे. मरणशय्येवरच्या गुरूचा हात हाती घेतलेले तरुण सरफोजी त्यात दिसतात. हे काम फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराचे.

रात्रीच्या जेवणाला हॉटेलात वाढायला आलेला मुलगा झारखंडचा निघाला. आम्ही आपसांत मराठी बोलत होतो ते त्याने ओळखले आणि आनंदाने हिंदीत सांगितले की तो दोन वर्षे पुण्यात होता, हिंजवडीच्या बाजूला. शेजारच्या टेबलाशी तो सफाईने तमिळ बोलत होता, म्हणून मी विचारले की इथे येऊन किती दिवस झाले. दहा महिने. मग मराठी किती येते? तो ओशाळला, बादलीतला सांबाराचा डाव ढवळत राहिला आणि म्हणाला की तिथे मराठी शिकण्याची वेळच कधी आली नाही, सगळे त्याच्याशी हिंदीतच बोलत. त्यात तक्रार नव्हती. सांबार मात्र फार चांगले होते. ते संभाजी राजांच्या नावावरून आले, ही तंजावरात सांगितली जाणारी कथा ऐकीव आहे आणि ऐकीवच राहू द्यावी. आंबट वरणावर हक्क सांगण्याइतके आपण अजून गरीब झालेलो नाही.

रविवार, ३ ऑगस्ट

आज आडी या तमिळ महिन्याचा अठरावा दिवस, म्हणजे आडिपेरुक्कु. कावेरीला पाणी चढते त्याचा सण. तारीख मी मुद्दाम साधली नव्हती, ते आमचे नशीब. सकाळी बसने तिरुवैयारूला गेलो. अंतर जेमतेम तेरा किलोमीटर, पण नावातच पाच नद्या असलेल्या या गावाला जाताना आपण एकामागून एक पूल ओलांडत राहतो.

मेट्टूरचे धरण यंदा जूनअखेरीसच भरले होते, त्यामुळे घाटाच्या पायऱ्यांपर्यंत गढूळ, वेगवान पाणी होते. कर्नाटक आणि तमिळनाडू यांच्यात या पाण्यासाठी दीडशे वर्षे जे चालले आहे त्याचा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये लावलेला आकडा १७७.२५ टीएमसी आहे. घाटावरच्या बायकांना तो आकडा माहीत असण्याचे कारण नव्हते. त्यांनी वाळूची छोटी ढिगुळी करून त्यावर हळदीचा गणपती मांडला होता, समोर फळे, फुले, काळे मणी आणि ताडाच्या पानाची कर्णभूषणे ठेवली होती. नदीला गर्भार समजून तिची हौस पुरवायची, असा त्यामागचा भाव. डब्यांत लिंबाचा, चिंचेचा, नारळाचा आणि दह्याचा असे भाताचे प्रकार होते. पानावर लावलेले दिवे पाण्यात सोडले की दोन हात जाऊन कलंडत आणि पोरे ओरडत.

एका कुटुंबातली म्हातारी हळदीत भिजवलेल्या दोऱ्यांची जुडी घेऊन घरातल्या सगळ्यांना एकेक दोरा बांधत होती. विवाहित बायकांच्या गळ्यात, मुलांच्या आणि पुरुषांच्या मनगटावर. अक्का जवळच पायरीवर बसली होती. म्हातारीने तिलाही हाक मारली. अक्काचे यजमान जाऊन सहा वर्षे झाली आहेत. तिने हात जरा मागे घेतला आणि गळा मोकळा असल्याचे खुणेने दाखवले. म्हातारीने ते पाहिले, समजले, आणि तिचे मनगट ओढून घेऊन दोरा बांधला, गाठीवर दोनदा अंगठा दाबला आणि पुढच्या मनगटाकडे वळली. या साऱ्याला अर्धे मिनिटही लागले नसेल. अक्का पुढे बराच वेळ काही बोलली नाही. पिवळा रंग तिच्या घड्याळाच्या पट्ट्याला लागला होता, तो तिने पुसला नाही.

घाटाजवळच त्यागराजांची समाधी आहे. १७६७ ते १८४७ असे आयुष्य लाभलेल्या या संताने तमिळ मुलखात, कावेरीच्या काठी, मराठी राजांच्या अमलात राहून तेलुगूत गाणी रचली. सरफोजींनी बोलावले तरी ते दरबारात गेले नाहीत, असे सांगतात. आजची समाधीची वास्तू उभी राहिली ती बंगळुरू नागरत्नम्मा या गायिकेच्या पुढाकाराने आणि पैशाने, आणि ज्या उत्सवात पूर्वी बायकांना गाऊ देत नसत तिथे तिनेच ते दार उघडले. जानेवारीत इथे आराधना होते तेव्हा शेकडो गायक बसतात. आज तिथे एक मांजर आणि आम्ही दोघे होतो.

संध्याकाळी एका तंजावरी मराठी घरी जायचे होते. पुण्यातल्या ओळखीच्या ओळखीने ठरलेली ही भेट. यजमान टपाल खात्यातून निवृत्त झालेले, वय ऐंशीच्या आसपास, कपाळावर गंध, आडनावाच्या जागी राव. दारात त्यांनी मराठीत स्वागत केले आणि मी थोडा गोंधळलो, कारण शब्द सगळे ओळखीचे होते, चाल मात्र पूर्ण तमिळ होती. वाक्याचा शेवट आपण जिथे खाली सोडतो तिथे ते वर नेत. पाच मिनिटांत कान सरावला. त्यांचेही आमच्या बोलण्याकडे तसेच लक्ष असावे, कारण कॉफी पुढे करत ते म्हणाले, ‘तुमची मराठी कळते हो मला. पण राग मानू नका, मध्ये मध्ये हिंदी ऐकल्यासारखे वाटते.’ मी चमकून विचारले की कोणता शब्द. त्यांनी दोन-तीन सांगितले. आम्ही ते शब्द मराठीच समजून वापरतो.

त्यांच्या सुनेचे माहेरही तंजावरी मराठी असल्याने स्वयंपाकघरात अजून मराठी चालते, नातवंडांची मात्र आपसांतली भाषा तमिळ आणि शाळेची इंग्रजी. त्यांच्या घरात साडेतीनशे वर्षे मराठी टिकली, तिला ना शाळा होती ना वर्तमानपत्र ना पाटी. कशी टिकली, असे मी विचारले तेव्हा त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले की बायका दुसरीकडून आणल्या नाहीत म्हणून. मग हसून म्हणाले, आता मुले बंगळुरूला नोकरीला आहेत, आता काय ते बघायचे. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, तमिळला तो २००४ मध्येच मिळाला होता, याविषयी मी बोललो तेव्हा त्यांनी नम्रपणे मान डोलावली. ते त्यांच्या कामाचे नव्हते.

सूनबाईंनी डांगर पच्चडी वाढली. भाजलेल्या उडदाचे पीठ, ताक आणि वरून फोडणी. आमच्या आजीच्या डांगराची ही सख्खी बहीण. अक्काने कृती मागितली तेव्हा त्यांनी आतून एक वही आणली. ती त्यांच्या सासूबाईंची, पाठीला शिवण घातलेली, तेलाचे डाग पडलेली. सगळ्या कृती मराठीत आणि लिपी तमिळ. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना एकच अक्षर आणि ट, ठ, ड, ढ यांनाही एकच, तेव्हा ‘गूळ’ आणि ‘कूळ’, ‘डाळ’ आणि ‘टाळ’ एकसारखेच लिहिले जाणार. सूनबाई बोट ठेवून न अडखळता वाचत होत्या, कारण त्यांना शब्द आधीच ठाऊक होते. नेमका ळ तेवढा स्वतःच्या अक्षरानिशी पानापानावर होता. हिंदीत नसलेला आणि या दोन्ही भाषांत असलेला. अक्काने परवानगी घेऊन त्या पानाचा फोटो काढला.

सोमवार, ४ ऑगस्ट

मनोऱ्याला गेलो. तंजावरपासून साठ-पासष्ट किलोमीटरवर, पाल्कच्या सामुद्रधुनीच्या काठी सरफोजींनी बांधलेला आठ मजली मनोरा, आणि त्याचे प्रयोजन काय, तर नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाचा उत्सव. ज्यांनी आपले राज्य घेतले त्यांच्या दुसऱ्या एका शत्रूच्या पराभवाचा आनंद दगडात बांधून काढणे ही गोष्ट मला अजून पचलेली नाही. ग्रंथ जमवणारे सरफोजी आणि हे सरफोजी एकच होते, एवढे मात्र खरे. अक्का गुडघ्यामुळे खालीच बसली आणि तिने शेंगदाणे खाल्ले. इथल्या समुद्रात समुद्रगाईंसाठी २०२२ मध्ये राखीव क्षेत्र जाहीर झाले आहे. आम्हाला अर्थातच एकही दिसली नाही.

मंगळवार, ५ ऑगस्ट

परतीची गाडी दिवसाची, कुंभकोणमहून दुपारी. म्हणून सकाळीच कुंभकोणम गाठले. पितळी डबऱ्यातली कॉफी प्यालो आणि दबीर रस्ता शोधून काढला. मराठी राज्यात दबीर हा परराष्ट्रव्यवहार पाहणारा अधिकारी. इथे तो औषधांच्या दुकानांच्या आणि एटीएमच्या पाट्यांवर तमिळ अक्षरांत उरला आहे. एका दुकानदाराला मी विचारले की दबीर म्हणजे काय. तो म्हणाला, रस्त्याचे नाव. तंजावरच्या कडेलाही मनोजीपट्टी नावाची वस्ती आहे आणि तिथेही मला असेच उत्तर मिळाले असते. पुण्यात बुधवारात राहणाऱ्या माणसाला तरी पेठेच्या वाराचे काय स्मरण असते?

गाडी चोळन् एक्सप्रेस. समोरच्या बाकावर आजीबरोबर निघालेली आठ-नऊ वर्षांची मुलगी होती. अक्काने फोनमधला वहीचा फोटो उघडला आणि ती एकेक अक्षर लावू लागली, तशी मुलगी शेजारी येऊन बसली. तमिळ अक्षरे तिची, शब्द अक्काचे. मुलगी वाचे, ‘टांकर’, अक्का म्हणे, ‘डांगर’. मुलगी वाचे, ‘ताक’, तेव्हा दोघी एकदम हसत. चिदंबरम येईपर्यंत कृती उतरवून झाली, पिठाचे प्रमाण सोडून, कारण तिथे तेलाचा डाग होता.

मग अक्काने तिला तो दुसरा ळ विचारला, एळुंबूरचा. मुलगी गंभीर झाली. तिने जीभ मागे वळवून, टाळूला न लावता, तो आवाज काढून दाखवला. अक्काचा ळ टाळूला आपटत होता. ‘इल्लै, अक्का,’ मुलगी म्हणे आणि पुन्हा तोंड उघडून जीभ दाखवी. चोळन् मध्येही तोच ळ, तमिळमध्येही तोच, आणि पुढे येणारे मोठे स्थानक विळुप्पुरम, त्यातही तोच. आजीने डोळे मिटले होते, पण तीही ऐकत असावी, कारण एकदा मध्येच तिने डोळे न उघडता तो ळ बरोबर करून दाखवला. मी खिडकीकडे तोंड करून हळूच प्रयत्न केला आणि पलीकडच्या बाकावरचा माणूस माझ्याकडे पाहू लागला. विळुप्पुरमला गाडी थांबली तेव्हा मुलगी उठून दारापाशी गेली, पाटीवरच्या दुसऱ्या अक्षराकडे तिने बोट दाखवले आणि तिथूनच ओरडली, ‘अक्का, सोल्लुंगा!’ म्हणजे, म्हणा. अक्काने फोन खाली ठेवला, चष्मा काढला आणि जीभ मागे नेली.